सात नंबर आणि प्रतिकूल परिस्थिती

फॉर्मवर खरं लिहायचं, असं मी एका मंगळवारी सव्वाअकरा वाजता ठरवलं. त्यामागे तत्त्व वगैरे काही नव्हतं. चहा यायला उशीर झाला होता, आणि खोटं लिहायला थोडी कल्पनाशक्ती लागते. माझ्यात ती चहानंतर येते.

मी नगरपालिकेच्या उद्यान विभागात कारकून आहे. उद्यान विभाग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फुलं येतात. माझ्यापुढे दोन फायली येतात. एकीत 'आमच्या खिडकीवर आलेली फांदी तोडा' असे अर्ज असतात, दुसरीत 'आमच्या खिडकीवरची फांदी का तोडली' असे. एकीचं उत्तर दुसरीतल्या माणसाला जाऊ नये, एवढीच काळजी मी सतरा वर्षं घेत आलोय. (दोनदा गेलं. काही फरक पडला नाही.) आमच्या सबंध कचेरीत हिरवी म्हणता येईल अशी वस्तू एकच, जिन्यातली शेवाळलेली भिंत.

तर या विभागाला नव्या मॅडम आल्या. नव्या साहेबाला तीन महिने उत्साह असतो, मग तो आपोआप उतरतो, असा आमचा अनुभव. मॅडमचा चौथ्या महिन्यातही उतरेना. त्यांना प्रश्न पडला की शहरातले लोक घरात झाडं का ठेवत नाहीत. शहराला विचारण्याआधी कचेरीला विचारून बघावं म्हणून त्यांनी फॉर्म काढला. दोनच रकाने. आपल्या घरी झाडं किती? नसल्यास का नाहीत?

बहुतेकांनी पहिल्या रकान्यातच काम आटोपलं. माझ्या शेजारच्या टेबलावर टाचणी बसतो. (अंगकाठीवरून नाव पडलंय, पण स्वभावालाही चालतं.) त्याने 'अकरा' लिहिलं. मी त्याच्या घरी गेलेलो आहे. तिथे अकरा झाडं भरवायची तर पडद्यावर छापलेलीही धरावी लागतील.

मी लिहिलं, 'शून्य. कारण, माझ्याकडे झाडं मरतात.' खाली जागा उरली म्हणून तपशील दिला. गुलाब, नऊ दिवस. पुदिना, पाच दिवस. मित्राने लग्नात दिलेलं चाळीस वर्षांचं बोन्साय, त्याला एकेचाळिसावं लागलं नाही. निवडुंग, चार महिने. वाळवंटात पाण्यावाचून पिढ्या काढणारा प्राणी, तो आमच्या खिडकीत आडवा झाला. कुंड्या तेवढ्या टिकल्या. त्यांत आता कपड्यांचे चिमटे असतात.

दुपारी मॅडमचं बोलावणं आलं.

"मेमो," टाचणी म्हणाला. दुसऱ्याच्या बाबतीत त्याला नेहमी खात्री असते.

मॅडमच्या हातात माझा फॉर्म होता.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो मॅडम."

"खरं आहे?"

"दुरुस्त करून देतो, मॅडम. चार-पाच झाडं टाकू का?"

"बसा."

सतरा वर्षांत त्या खोलीत मला कोणी 'बसा' म्हटलेलं नव्हतं. मी बसलो, आणि चुकलं असेल तर लगेच उठता यावं म्हणून अर्धाच बसलो.

"साठ माणसांनी मिळून बाराशे झाडं लिहिली आहेत," मॅडम म्हणाल्या. "खरं तुम्ही एकट्यांनी लिहिलंत. हे तुम्हाला कधीपासून आहे?"

"लहानपणापासून."

"घरात आणखी कोणाला?"

"नाही मॅडम. माझ्यापासूनच सुरुवात."

मॅडम खूश झाल्या. एवढं खूश माझ्यावर आधी कोणी झालं असेल तर ते मला कळवलेलं नाही. मग त्यांनी योजना सांगितली. नगरपालिका घरोघरी एक झाड फुकट वाटणार होती. पण असं झाड हवं होतं, जे कोणाच्याही घरात टिकेल. दहा जाती निवडल्या होत्या. त्यांची परीक्षा घ्यायला एक घर हवं होतं, आणि चांगलं घर काही उपयोगाचं नव्हतं.

"तुमच्याकडे जे जगेल," मॅडम म्हणाल्या, "ते कुठेही जगेल."

हा माझा अपमान आहे हे मला घरी जाताना तिसऱ्या जिन्यावर कळलं. तोपर्यंत मी छाती काढून चालत होतो.

दुसऱ्या दिवशी जावक क्रमांक टाकलेलं पत्र आलं. (माझं पत्र, माझ्याच टेबलावरून, मीच क्रमांक टाकला.) 'आपले निवासस्थान प्रतिकूल परिस्थिती या वर्गात निवडण्यात आले आहे. सदर झाडांच्या बाबतीत आपण आपल्या नेहमीच्या वागणुकीत कोणताही बदल करू नये.'

बायको गणिताची शिक्षिका आहे. तिने पत्र उभ्याउभ्या वाचलं, सवयीने एक वेलांटी दुरुस्त केली आणि म्हणाली, "फ्रेम करून घ्या."

माझे सासरे आमच्याकडेच असतात. पन्नास वर्षं शिंपीकाम करून निवृत्त झालेत, पण गळ्यातली टेप निवृत्त झालेली नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचं माप नजरेने घेत असतात. त्यांनी पत्र मागून घेतलं, चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "मुलगी देताना हे पत्र दाखवायला हवं होतंत."

शनिवारी नर्सरीवाला टेम्पोतून दहा झाडं घेऊन आला. तिसऱ्या मजल्यापर्यंत एकेक कुंडी त्याने स्वतः, कडेवर घेऊन आणली. गोल चेहऱ्याचा, भोळा माणूस. खिडकीपाशी येऊन त्याने बाहेर बघितलं. आमच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. भिंतच दिसते.

"ऊन कुठून येतं, साहेब?"

"येत नाही."

"वारा?"

"स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावला की."

त्याने दहाही झाडांकडे एकदा बघून घेतलं. मुलांना वसतिगृहात सोडून जाताना बाप बघतो तसं. मग म्हणाला, "सात नंबर मात्र मरायचं नाही. ही जातच चिवट. हिला मारायला वेगळं शिक्षण लागतं."

सात नंबर म्हणजे जाड, तलवारीसारखी उभी सहा पानं. फूल नाही, फांदी नाही. उगाच गोड दिसण्याचा प्रयत्न नाही. ड्यूटीवरच्या पहारेकऱ्यासारखं कोपऱ्यात उभं.

मी नेहमीसारखा वागू लागलो. म्हणजे काही केलं नाही. काही न करता पगार मिळतो हे मला माहीत होतं, पण काही न करता कौतुकही होतं हा अनुभव नवा होता. चौथ्या दिवशी तीन नंबर गेलं. मी निरीक्षणवहीत नोंद केली, मॅडमना दाखवली. "छान," त्या म्हणाल्या. आठवडाभरात नऊ आणि दोन गेली. "उत्तम." पाच नंबरने पानं गाळली, दहा नंबरला पांढरी कीड लागली, आणि एक नंबर कशाने गेलं हे त्याचं त्यालाच ठाऊक. दर सोमवारी मी मृतांची यादी घेऊन मॅडमच्या खोलीत जायचो आणि चहा पिऊन बाहेर यायचो. टाचणी माझ्याशी आदराने बोलू लागला. हेडक्लार्कची जागा लवकरच रिकामी होणार होती, आणि मॅडम एकदा म्हणाल्यासुद्धा, "तुमच्यासारखा माणूस वर यायला हवा." ज्या गुणावर वर यायचं होतं तो गुण कोणता, हा विचार मी टाळला.

दीड महिन्यात नऊ झाडं संपली. सात नंबर होतं तसं उभं होतं.

मॅडमनी योजना पक्की केली. नगरपालिकेच्या सभागृहात समारंभ, नगराध्यक्षांच्या हस्ते चारशे झाडांचं वाटप, आणि मंचावर खुद्द सात नंबर. शहरातल्या सगळ्यांत वाईट घरात टिकलेलं झाड. पोस्टरही छापून आली. त्यावर फोटो झाडाचा होता. घराचा नव्हता, हे नशीब.

इथवर सगळं ठीक होतं. इथेच मी हात आखडता घेतला असता तर आज हेडक्लार्क असतो.

पण समारंभाच्या तीन आठवडे आधी, एका सकाळी दात घासता घासता मी कोपऱ्याकडे बघितलं, तर सहा पानांच्या मधोमध एक कोवळं, फिकट टोक वर आलेलं. सातवं पान. मी ब्रश तोंडात तसाच धरून खाली बसलो. माझ्या हातून आयुष्यात काही उगवलेलं नव्हतं. माझ्या मिशासुद्धा नीट आल्या नाहीत. आणि या झाडाने माझ्या घरात, त्या भिंतीसमोर, माझ्याकडून काहीही मिळत नसताना पान काढलं होतं. मला भरून आलं. (टूथपेस्टही गिळली गेली.)

त्या दिवसापासून मी अर्धा तास लवकर उठू लागलो. सगळे झोपेत असताना सात नंबरला तांब्याभर पाणी घालायचो. वागणुकीत बदल करू नये, हे माहीत होतं. पण तहानलेल्याला पाणी देणं हा काही वागणुकीतला बदल नव्हे, असा अर्थ मी काढला. सरकारी कागदाचा अर्थ काढण्यात माझी सतरा वर्षं गेली आहेत.

एका तांब्याचे दोन झाले. गाळलेली चहापत्ती चांगली असते असं कुठेतरी वाचलं होतं, तीही घालू लागलो. पानांवर धूळ होती म्हणून ती डोक्याच्या तेलाने पुसली. पानं अशी चमकायला लागली की मला त्यांत भांग पाडता आला असता. मग वाटलं, सातवं पान आलंय, जागा अपुरी पडत असेल. चिमट्यांची मोठी कुंडी रिकामी करून त्यात त्याचं बिऱ्हाड हलवलं. आणि हे सगळं करताना मी त्याच्याशी बोलायचो. झाडांशी बोलावं म्हणतात. माझ्याशी घरात तसंही फारसं कोणी बोलत नाही.

सासऱ्यांची झोप सावध. त्यांनी पडल्यापडल्या काय ऐकलं ते मला नंतर कळलं. त्यांनी ते थेट मुलीच्या कानावर घातलं.

"पहाटे उठून कोणाशी तरी बोलतात," ते म्हणाले. "हळू आवाजात. 'तुझ्यामुळेच लवकर उठावंसं वाटतं,' म्हणाले. 'घरात कोणाला कळता कामा नये, हे दोघं आपल्याला जगू देणार नाहीत.'"

"फोनवर?"

"फोन टेबलावर होता."

"मग खिडकीतून बोलत असतील."

"समोर खिडकी कुठे आहे? भिंत आहे."

"भिंतीशी बोलतात?"

"तेवढं माझ्या कानांनी पकडलं नाही."

संध्याकाळी मी घरी आलो तर बायको वह्या न तपासता बसली होती. बायको वह्या न तपासता बसली की मी आधी बूट काढत नाही.

"कोण आहे?" तिने विचारलं.

"कुठे?"

"पहाटे जिच्याशी बोलता ती."

मी हबकलो. गुपित फुटलं होतं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, आणि चहा अजून व्हायचा होता.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "पण पहिल्यांदा मीच पुढे गेलो. त्या बाजूने काही नव्हतं."

"किती दिवस चाललंय?"

"बारा-तेरा. नवीन पान फुटलं त्या दिवसापासून."

"काय फुटलं?"

"पान. सात नंबरला."

तिने एकदा कोपऱ्यातल्या कुंडीकडे बघितलं. मग तिने लाल पेन उचललं आणि वही उघडली. "मला वाटलं, तुमच्यात काही धमक आली," ती म्हणाली. तिच्या आवाजात सुटका जास्त होती की निराशा, हे मी आजही सांगू शकत नाही.

पण वही मिटताना ती एवढं म्हणाली, "त्या पत्रात काय लिहिलंय ते पुन्हा वाचा. आणि त्याला सोडा आता." मी कबूल केलं. दुसऱ्या दिवशी तांब्याऐवजी फुलपात्र वापरलं. चार फुलपात्रं घातली.

गुपित उघडं पडल्याचा एक फायदा झाला, सासरेही कामाला लागले. ते रोज सकाळी टेप लावून सातव्या पानाचं माप घ्यायचे आणि मला वहीत लिहायला सांगायचे. साडेतीन इंच. पावणेचार. चार. समारंभाच्या सहा दिवस आधी ते टेप धरून नुसतेच उभे राहिले.

"पावणेचार," ते म्हणाले.

"काल चार होतं, बाबा. टेप नीट धरली नसेल."

"पन्नास वर्षं धरली. कापड पहिल्या पाण्यात आटतं, तसं हे आटलंय."

मी हसण्यावारी नेलं, आणि आटलंय म्हणून आणखी पाणी घातलं.

तीन दिवसांनी एक पान मुळाशी पिवळं पडून वाकलं. मी त्याला फूटपट्टीचा आधार दिला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन वाकली. घरात तेवढ्या फूटपट्ट्या होत्या, कारण बायको गणिताची. पण पानंच मऊ पडली होती, हात लावला की भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागत. कुंडीला वासही येत होता. शेवटी मी कचेरीतून रजा टाकली आणि नर्सरीवाल्याला फोन केला.

तो तासाभरात आला. त्याने मातीत बोट घातलं, वास घेतला, आणि बोट रुमालाला पुसलं.

"साहेब, हे बुडालं."

"तिसऱ्या मजल्यावर?"

"किती पाणी घालत होता?"

मी सांगितलं. चहापत्तीचंही सांगितलं. तेलाचं सांगितलं तेव्हा तो खुर्चीत बसला. "याला महिन्यातून एकदा पाणी, साहेब. तेही आठवलं तर. मुळं कुजली सगळी."

तो गेल्यावर मी सात नंबर कुंडीतून काढलं. मुळं हातातच राहिली. ओल्या कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेलो आणि परत आलो, टाकवेना. नऊ झाडं मेली तेव्हा मी चहा प्यायलो होतो. हे एकच असं होतं ज्याच्यासाठी मी सकाळी उठत होतो. ते मी वर्तमानपत्रात गुंडाळून बाल्कनीच्या कोपऱ्यात ठेवलं आणि निरीक्षणवही उघडली. 'सात नंबर, मृत.' कारणाच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून बसलो. मग लिहिलं, 'मी.'

बायकोने ते मागून वाचलं. काही दुरुस्त केलं नाही. फक्त विचारलं, "मॅडमना कधी सांगणार?"

"सांगतो," मी म्हणालो. आणि सांगायचंही ठरवलं होतं. पण समारंभ परवावर आलेला, पोस्टर नाक्यानाक्यावर लागलेली, चारशे झाडं नर्सरीत रांगेत उभी. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सरीवालाच परत आला. हातात एक कुंडी, तिच्यात तलवारीसारखी पानं, मधोमध एक कोवळं.

"सारखंच दिसतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "माझी चारशेची ऑर्डर आहे, साहेब. आणि तुमचाही चेहरा बघवेना."

सासऱ्यांनी टेप लावली. "रुंदीला बसतंय," ते म्हणाले. "उंचीला दीड इंच जास्त आहे. खालून टीप मारून देऊ का?"

"मी यात नाही," बायको म्हणाली. "मला कोणी विचारलं तर खरं सांगेन. म्हणून कोणी विचारू नका."

मी ते झाड ठेवून घेतलं. मन खात होतं, पण हेडक्लार्कची जागाही डोळ्यांसमोर होती, आणि माझ्या मनाला एका वेळी दोन कामं जमत नाहीत.

समारंभाला सभागृह भरलं होतं. फुकट काही मिळणार असलं की या शहरात झाडांविषयी प्रेम उफाळून येतं. मंचावर टेबलावर ते झाड, त्याच्या एका बाजूला नगराध्यक्ष, दुसऱ्या बाजूला मॅडम, आणि कडेला मी. पहिल्या रांगेत नर्सरीवाला नवा शर्ट घालून बसला होता. चौथीत बायको आणि सासरे. मॅडमनी माझं उत्तर आदल्या दिवशीच ठरवून दिलं होतं. नगराध्यक्ष विचारतील, 'काय काळजी घेतलीत?' मी म्हणायचं, 'काहीच नाही.' दोन शब्द. मी ते जिन्यात, बसमध्ये, आरशासमोर घोकले होते.

नगराध्यक्षांनी विचारलं. "तर सांगा, या झाडाची काय काळजी घेतलीत?" आणि त्यांनी माईक माझ्या हातात दिला.

चूक त्यांची. सतरा वर्षांत मला कोणी माईक दिला नव्हता.

"काहीच नाही," मी म्हणालो. माझा आवाज सभागृहभर घुमला, आणि मला तो आवडला. मग वाटलं, एवढ्या आवाजात एवढंच बोलायचं? आणि मी काहीच केलं नाही असं चारशे माणसांना का वाटावं? "म्हणजे," मी पुढे म्हणालो, "काहीच नाही असं तरी कसं म्हणावं. मी रोज पहाटे उठत होतो. आधी एक तांब्या पाणी घालायचो, मग दोन केले. चहापत्ती घातली. प्रत्येक पान तेलाने पुसलं. मोठी कुंडी दिली. पोटच्या पोरासारखं केलं."

मॅडमनी माईककडे हात पुढे केला. त्याआधीच पहिल्या रांगेतून नर्सरीवाला उठून उभा राहिला. त्याच्यातला माळी त्याच्यातल्या कंत्राटदाराच्या पुढे धावला.

"अहो, म्हणूनच तर मेलं ना ते."

 नगराध्यक्षांनी टेबलावरच्या झाडाकडे बघितलं.

"मेलं? मग हे कोण आहे?"

"हा त्याचा भाऊ," नर्सरीवाला म्हणाला, आणि खाली बसला.

माईक माझ्याच हातात होता. पळायला मंचाला एकच जिना होता आणि तिथे टाचणी उभा होता. तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. दीड महिना त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही तोवर ते तरारलं होतं, पान फुटलं, मला माया आली, आणि मायेने ते बुडवलं. काल त्याच्या जागी हे आणलं. दीड इंच उंच आहे, हेही सांगितलं. लोक आधी गालात हसत होते, मग उघड हसू लागले. मॅडम कपाळाला हात लावून बसल्या होत्या. माझं बोलणं संपलं तेव्हा मधल्या रांगेतून एक बाई उभी राहिली. नर्सच्या पोशाखात होती, कामावरून थेट आलेली दिसत होती.

"एक मिनिट," ती म्हणाली. "म्हणजे याच्यासाठी काही केलं नाही तर ते जगतं?"

"काहीच केलं नाही तर पंधरा वर्षं कुठे जात नाही," नर्सरीवाला बसल्याबसल्या म्हणाला.

"मी झाड ठेवत नाही ते यासाठीच. दिवसभर माणसांचं करा, घरी येऊन घरच्यांचं करा, आणि मग हे कोपऱ्यात सुकत उभं राहून आपल्याकडे बघणार. ज्याला माझ्याकडून काही नको असं घरात कोणी आलं तर मला हवंच आहे. दोन द्या."

तिच्यामागे रांग लागली. पाऊण तासात चारशे झाडं संपली. लोक कुंड्या छातीशी धरून नेत होते आणि एकमेकांना बजावत होते, "याला हात लावायचा नाही हं." नगराध्यक्षांनी दोन नेली. टाचणीनेही एक नेलं, म्हणजे आता त्याच्याकडे एक झालं.

मॅडम मला रागावल्या नाहीत. रागावण्यापेक्षा वाईट, त्यांनी माझं वागणं लेखी घेतलं. दोन दिवसांनी योजनेचं नवं पत्रक निघालं, आणि ते मला टाइप करावं लागलं. 'सदर झाड अंधार, धूळ, उपेक्षा व विस्मरण यांत उत्तम टिकते. मात्र घरातील एखाद्या व्यक्तीने त्याची काळजी घेण्यास सुरुवात केल्यास ते वाचण्याची खात्री विभाग देऊ शकत नाही.' हेडक्लार्कच्या जागेसाठी दुसऱ्या विभागातला माणूस आणला. सात नंबरचा तो 'भाऊ'ही मॅडमनी मंचावरून थेट आपल्या खोलीत नेला आणि त्याच्याजवळ पाटी लावली, 'हात लावू नये.' पाटीचा रोख कोणाकडे आहे हे कचेरीत कोणाला विचारावं लागत नाही.

पत्रकाची एक प्रत मी घरी आणली. बायको वह्यांचा गठ्ठा तपासून नुकतीच खुर्चीत टेकली होती. मी तिला ते मोठ्याने वाचून दाखवलं. वाटलं, निदान हसेल. ती हसली नाही. तिने कागद मागून घेतला, ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं आणि कागद वह्यांवर ठेवला.

"बावीस वर्षं," ती म्हणाली, "बावीस वर्षं मी विचार करतेय, या घरात माझी तब्येत इतकी ठणठणीत कशी राहिली."

मला ते लागलं. खरोखर लागलं. म्हटलं, झालं ते झालं, आजपासून तरी माणसासारखं वागावं. मी उठलो, माठातलं गार पाणी तांब्यात भरून घेतलं आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"दमली असशील," मी म्हणालो. "पाणी घे."

तिने माझ्याकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं, आणि खुर्ची हात-दीड हात मागे सरकवली.